मीटरकाकांच्या वहीतली रिकामी ओळ

मीटरकाकांबद्दल लिहायचं तर माझ्याबद्दलही लिहावं लागणार, आणि नेमकं तेच टाळण्यात मी चार-पाच महिने घालवले. त्यांच्याविषयी चार गोड वाक्यं लिहायची आणि स्वतःला मधून अलगद काढून घ्यायचं, हे मला जमलं असतं. असल्या कामात मी तरबेज आहे. पण आता नको.

काका वीज कंपनीत मीटर वाचायचे. तेहतीस वर्षं तेच काम, तोच भाग, तीच सहाशे घरं. पुढे नवी मीटरं आली, ती आपले आकडे आपणच कळवायला लागली, आणि काका निवृत्त झाले. पण भागातल्या माणसांना ते अजूनही मीटरवरूनच ओळखतात. कुणाचं नाव काढलं की म्हणतात, "कोण? जिन्याखालचं मीटर? का पिवळ्या दारामागचं, ते उलटं बसवलेलं?" आमचं मीटर चपलांच्या कपाटामागे होतं. दर महिन्याला कपाट सरकवावं लागायचं, म्हणून त्यांच्या लेखी मी कायमची 'कपाटवाली'.

कामाचा त्यांचा एक नियम होता. स्वतः बघितल्याशिवाय आकडा लिहायचा नाही. लोक आतूनच ओरडायचे, "काका, मागच्याच महिन्याचा लिहा हो, घाईत आहे." काका दारात उभे राहायचे. बसायचे नाहीत, पाणी घ्यायचे नाहीत, वाद घालायचे नाहीत. शेवटी समोरच्यालाच लाज वाटून तो कपाट सरकवायचा. तेहतीस वर्षांत न बघता एकही आकडा लिहिला नाही, असं ते सांगायचे तेव्हा आम्ही मनात हसायचो. त्यांनी पहिल्यांदा न बघता विश्वास ठेवला तो माझ्यावर, आणि तेच सांगायचं आहे.

काकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, उजव्या घोट्याला एक जखम आहे. साखरेच्या आजारातली, लवकर न भरणारी. दर एक दिवसाआड तिला मलमपट्टी लागते. गल्लीच्या टोकाला पालिकेचा दोन खोल्यांचा दवाखाना होता. तिथली नर्स काकूंना माहेरच्या माणसासारखी सांभाळायची. काका त्यांना चाकाच्या खुर्चीतून न्यायचे, दहा मिनिटांत पोचायचे. नर्स पट्टी सोडता सोडता काकूंना गल्लीतल्या सगळ्या बातम्या सांगायची, आणि काकू त्यात दुरुस्त्या करायच्या.

एका सोमवारी दवाखान्याच्या दाराला पालिकेची नोटीस लागली. दवाखाना बंद करून शहराच्या पलीकडच्या मोठ्या रुग्णालयात विलीन करणार. हरकत असेल तर तीस दिवसांत कळवा.

इथे माझा प्रवेश होतो. मी विमा कंपनीत नोकरी करते, आणि भागातल्या फोनवरच्या गटाची अ‍ॅडमिन आहे. तीनशे चाळीस सभासद. पाणी कधी येणार, कुत्रं कुणाचं हरवलं, गाडी कुणी आडवी लावली, सगळं माझ्या हातून जायचं. नवरा चिडवायचा, "अ‍ॅडमिनबाई, जेवायला वाढायची परवानगी आहे का?" मी रागावल्यासारखं करायचे, पण आतून सुखावायचे. खोटं कशाला बोलू.

ऑफिसला जाताना मी नोटिशीचा फोटो काढला. बसमध्ये बसून त्याचं सुंदर पोस्टर केलं. खालचा भाग बारीक अक्षरातला होता, पोस्टरमध्ये मावत नव्हता, दिसायलाही गचाळ. तो मी कापून टाकला. त्याच्या जागी काकूंच्या रिकाम्या चाकाच्या खुर्चीचा फोटो लावला आणि ऑनलाइन निवेदनाची लिंक दिली. संध्याकाळपर्यंत चारशे सह्या. त्यानंतर दवाखान्याच्या दारावरची खरी नोटीस कुणीच वाचली नाही. सगळ्यांनी ती फोनवर बघितली होती, माझ्या कात्रीतून गेलेली.

काकांनी मात्र त्या सोमवारीच शंभर पानी वही विकत आणली होती. काकूंचं आवरून झालं की दहा ते एक ते जुन्या फेरीच्या क्रमाने निघायचे. पानावर पट्टीने रेघा मारून घरांचे क्रमांक आधीच लिहिलेले, समोर सहीची जागा मोकळी. एका घराची एक सही. तिसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. मी निघण्याच्या गडबडीत होते.

"कपाटवाली, सही."

"काका, माझी काय, माझी तर असणारच. शेवटी करते."

काकांनी माझ्या क्रमांकासमोर पेन्सिलने बारीक टिंब केलं आणि पुढच्या दारी गेले.

नवव्या दिवशी ते मला जिन्यात भेटले. धापा टाकत होते. मी विचारलं, किती झाल्या? म्हणाले, एकशे बारा. मी फोन काढून दाखवला. तीन हजार आठशे. तेव्हाचा माझा आवाज आठवला की आजही मान खाली जाते. लहान मुलाची समजूत काढावी तसा आवाज होता तो. "काका, उगाच कशाला पाय झिजवताय? जमाना बदललाय. तुम्ही काकूंकडे बघा, हे मी बघते."

त्यांनी आकडा जवळ धरून बघितला. "ही सगळी आपली माणसं?"

"सगळी," मी म्हणाले.

त्याच संध्याकाळी त्यांचा फोनवर बोलका निरोप आला. काकांना टाइप करता येत नाही, ते बोलून पाठवतात आणि लांबलचक बोलतात. हा निरोप तीन मिनिटं चाळीस सेकंदांचा होता. मी भाजी चिरत होते. ऐकू नंतर, म्हटलं, आणि तोवर त्यांना बरं वाटावं म्हणून अंगठ्याची खूण पाठवून दिली. ते नंतर काही आलंच नाही.

पुढचे तीन आठवडे मी हवेत होते. एका बातम्यांच्या वाहिनीने माझी मुलाखत घेतली. मी केस विंचरून, मागे पुस्तकांचं कपाट येईल अशी बसले आणि म्हणाले की लोकशाही आता प्रत्येकाच्या खिशात आली आहे. हे वाक्य मी आदल्या दिवशी पाठ केलं होतं. ती मुलाखत अजून सापडते. ऑफिसातल्या एकीने परवा ती परत काढून दाखवली, आणि मला तिथून उठून जावं लागलं.

शेवटच्या दिवशी सकाळी अकराला मी पालिकेत गेले. नऊ हजार दोनशे चौदा नावं छापून, जाड बांधणी करून घेतली होती. काकांना सोबत नेलं होतं, आणि त्याचं कारणही सांगून टाकते. गठ्ठा देतानाच्या फोटोत ते असले तर फोटो उठून दिसेल, असं मला वाटलं होतं.

हरकतींच्या खिडकीत एक कारकूनबाई होत्या. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी गठ्ठा ओढून घेतला.

"यातल्या इथल्या किती?"

"नऊ हजार दोनशे चौदा."

"ते वर छापलंय, वाचलं मी. या भागात राहणाऱ्या किती?"

बाईंनी पहिलं पान उलटलं, चष्मा लावला. पहिलंच नाव समुद्रापलीकडच्या कुठल्याशा शहरातल्या गृहस्थांचं होतं, पुढे 'लढत राहा' असा शेरा. "हे तिथून मलमपट्टीला येतात का?" बाईंनी विचारलं. त्यांना टोमणा मारायचा नव्हता, खरंच विचारत होत्या बहुतेक. मग त्यांनी नोटिशीची एक प्रत माझ्यापुढे सरकवली आणि खालच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. भागातल्या तीनशे घरांच्या हरकती, घर क्रमांकासह, कागदावर, हाताच्या सहीने. तेवढ्या आल्या तर जाहीर सुनावणी होईल. नाही आल्या तर प्रस्ताव मंजूर समजला जाईल.

तो भाग मी ओळखला. मीच कापला होता.

काकांनी पिशवीतून वही काढली. कुणी आणायला सांगितली नव्हती, सवयीने आणली होती. बाईंनी मोजलं. "एकशे बारा. ह्या चालतील. खिडकी पाचला बंद होते."

बाहेर पायऱ्यांवर काका म्हणाले, "तू खूण केली होतीस."

"कसली खूण?"

"मी बोलून पाठवलं होतं, त्याला."

मी फोन काढला. वर, खूप वर जावं लागलं. निरोपाशेजारचा न ऐकल्याचा ठिपका तसाच होता. मी तिथेच उभी राहून ऐकला. सुरुवातीला काकूंच्या तापाबद्दल होतं. मग नर्सबद्दल. मग काका म्हणत होते, "आणि एक विचारायचं होतं. दारावरच्या कागदाला खाली लिहिलंय की सही हाताचीच पाहिजे. तू शिकलेली आहेस, तुला जास्त कळतं. तुझं ते फोनवरचं चालणार असेल तर मी थांबतो, हिला ताप आहे, घरी राहीन. चालणार नसेल तर उद्यापासून परत फिरतो. तुला वेळ नसतो, बोलू नकोस, नुसती खूण कर." पुढे बराच वेळ नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता. फोन बंद कसा करायचा हे त्यांना सापडत नसावं.

मला वाटलं, आता हे मला बोलतील. दोन शब्द बोलले असते तर मी रडून मोकळी झाले असते. ते म्हणाले, "चल. अजून साडेपाच तास आहेत."

मी गटावर लिहिलं: तातडीचं आहे, सगळ्यांनी खाली येऊन वहीत सही करा. पाच मिनिटांत साठ जणांनी लाल बदाम पाठवले. पस्तीस जणांनी टाळ्या. एकाने लिहिलं, "लिंक पाठवा ना." खाली आले सात जण.

मग आम्ही दारोदार फिरलो. घंटा वाजवली की लोक आतून विचारत बसतात, कोण, काय, कशाला. काका घंटा वाजवत नाहीत. ते जिन्यात उभे राहून एकदाच म्हणतात, "मीटर." दारं उघडतात. ओले हात पुसत, तोंडात घास घेऊन माणसं बाहेर येतात, आणि काकांना बघून हसतात. मी ही जादू बघत त्यांच्यामागून जिने चढत होते, वही धरून. गटाची अ‍ॅडमिन मी, आणि त्या दोनशे-सव्वादोनशे दारांपैकी निम्म्या दारांत मी पहिल्यांदाच उभी होते.

पण दार उघडल्यावर जे ऐकायला मिळालं ते मी पेरलेलं होतं. "अहो, मी केलीय की सही, फोनवर." पिवळ्या दारवाल्या आजोबांनी तर फोन आणून दाखवला, त्यांच्या नातीने करून दिली होती. "आता परत कशाला?" प्रत्येक दारात मला सांगावं लागत होतं की ती सही चालत नाही. कुणी विचारलं, मग आधी का नाही सांगितलं? कुणी म्हणालं, यांचं रोज काहीतरी नवीन. एका बाईंनी शांतपणे दार लावून घेतलं. खूप घरांना कुलूप होतं, कामाचा दिवस होता. काका कुलपाकडे बघायचे, पेन्सिलने टिंब करायचे आणि पुढे निघायचे. तिसऱ्या इमारतीत त्यांचे गुडघे बोलायला लागले. मी म्हटलं, तुम्ही खाली बसा, मी जाते वर. मी गेले, घंटा वाजवली. तीनपैकी एक दार उघडलं. तेव्हा काका पुन्हा चढून आले.

पाचला चार मिनिटं कमी असताना आम्ही खिडकीशी पोचलो. बाईंनी मोजलं. पुन्हा मोजलं. दुसऱ्यांदा हळू मोजलं, आमच्यासाठी.

"दोनशे त्रेसष्ट."

काकांनी मान डोलावली. आकडा स्वतः बघून घेतला. बाईंनी शेवटच्या सहीखाली रेघ मारली, शिक्का मारला, आणि वही परत देताना एका पानावर थांबल्या. "हे एक घर मधलंच राहिलंय. आजूबाजूच्या सगळ्यांच्या सह्या आहेत. इथे कुणी राहत नाही का?"

पेन्सिलचं टिंब. माझा क्रमांक. दुपारभर वही माझ्या हातात होती. दीडशे माणसांपुढे मी ती धरली, पेन दिलं, बोटाने जागा दाखवली.

"मी राहते," मी म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग गठ्ठ्याकडे. "आता शिक्का मारलाय. तसा आकड्यात काही फरक पडला नसता म्हणा." हे त्या मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी दवाखाना बंद झाला. नर्सने आपली किटली आणि भिंतीवरचं घड्याळ नेलं. काकूंना आता शहराच्या पलीकडे जावं लागतं, दोन बस बदलून, आणि बसमध्ये चाकाची खुर्ची चढवणं म्हणजे काय ते काकांच्या पाठीला विचारा. मी ऑफिसची वेळ बदलून घेतली आणि एक दिवसाआड त्यांना माझ्या गाडीतून न्यायला लागले. लोक म्हणाले, किती करते ही. मी कुणाचं म्हणणं खोडून काढलं नाही.

काकांनी घरी एवढंच सांगितलं होतं की सह्या कमी पडल्या. कुणाच्या, कशामुळे, काही नाही. काकूंनी आपला अर्थ लावला. मुलाखत त्यांनी बघितली होती. त्या पुढच्या सीटवर बसायच्या, पट्टीचा पाय सांभाळून, आणि गाडी सुरू झाली की विचारायच्या, "आज किती झाले गं?" कारण ते ऑनलाइन निवेदन चालूच होतं. दवाखाना बंद झाला तरी लोक सह्या करत होते. ते बंद करायचं बटण माझ्याकडेच होतं, आणि दाबायला हात होत नव्हता. मी आकडा सांगायचे. दहा हजार झाले त्या दिवशी काकूंनी मागे वळून काकांना सांगितलं, "ऐकलंत का? दहा हजार माणसं आहेत आपल्या बाजूने." काका खिडकीबाहेर बघत होते.

"आणि तरी ऐकलं नाही मेल्यांनी," काकू म्हणायच्या. मी हो म्हणायचे. चार महिने मी हो म्हणत गेले. त्यांना राग धरायला पालिका मिळाली होती आणि मला लपायला जागा.

गेल्या आठवड्यात बंद दवाखान्याच्या दाराला नवी नोटीस लागली. ती जागा गोदामासाठी द्यायची आहे, हरकती मागवल्या आहेत. पुन्हा तीनशे घरं, पुन्हा कागद. सुनावणी झाली तर दवाखाना परत मागता येईल. या वेळी मी फोटो काढला नाही. काकांनी नवी वही आणली, रेघा मारल्या, आणि परवा रुग्णालयातून परत आल्यावर त्यांच्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर काकूंसमोर ठेवली. घर काकूंच्या नावावर आहे, सही त्यांचीच लागते.

काकूंनी वही परत सरकवली. "मी नाही करायची."

"अगं, एक सही."

"दहा हजारांचं ऐकलं नाही त्यांनी. माझ्या एकीचं ऐकणार आहेत? तुमचे गुडघे गेले तेवढे पुरे झाले. आणि यंदा मत द्यायलाही मी यायची नाही, सांगून ठेवते. काय उपयोग?"

काकू गेल्या निवडणुकीत पायाला पट्टी असताना रांगेत उभ्या राहिल्या होत्या. त्यांना खुर्ची देऊ केली तर म्हणाल्या होत्या, रांगेत सगळे सारखेच. मी तिथेच होते.

काकांनी माझ्याकडे बघितलंही नाही. दारात उभे राहायचे तसेच टेबलापाशी उभे राहिले, पेन हातात घेऊन. मी ते उभं राहणं ओळखते. कपाट सरकवेपर्यंत ते हलणार नव्हते.

"काकू," मी म्हणाले, "दहा हजार नव्हतेच."

त्या माझ्याकडे बघायला लागल्या.

"ती माणसं इथली नव्हती. पालिकेने ती मोजलीच नाहीत, मोजणार नव्हतेच. हाताच्या तीनशे सह्या हव्या होत्या. नोटिशीत लिहिलं होतं, मी ते कापलं. काका फिरत होते, त्यांना मी थांबवलं. त्यांनी मला विचारलं होतं, मी ऐकलं नाही आणि हो म्हणून मोकळी झाले. दोनशे त्रेसष्ट भरल्या. सदतीस कमी पडल्या. पालिकेने फसवलं नाही तुम्हाला."

अजून एक राहिलं होतं. "आणि त्या दोनशे त्रेसष्टात मी नव्हते."

काकूंनी काकांकडे बघितलं, तेव्हा काका पेनाचं टोपण लावत आणि काढत होते. मग त्यांनी स्वतःच्या पायाकडे बघितलं, नव्या पट्टीकडे. मला वाटलं होतं, सांगून टाकलं की हलकं वाटेल. तसलं काही वाटलं नाही.

"द्या इकडे," त्या काकांना म्हणाल्या. वही जवळ ओढली. पहिल्या ओळीवर माझी सही होती, सकाळीच केलेली. ती त्यांनी वाचली, अक्षर ओळखायचं असावं तशी, आणि खालच्या ओळीवर आपली केली. सावकाश, पूर्ण नाव लिहून. पेन काकांच्या हातात दिलं.

"परवा आपण बसने जाऊ," त्या त्यांना म्हणाल्या.

काकांनी वही पिशवीत ठेवली आणि मी माझ्या गाडीची किल्ली उचलली.